पोटमाळ्यावरची चौदा पोती

माझ्या धंद्याला नाव नाही. सोसायटीच्या सभासदयादीत 'व्यवसाय' या रकान्यासाठी मी 'सल्लागार' असं सांगितलं, तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, "कशाबद्दल सल्ला देता?" मी म्हटलं, "छोट्या कारखान्यांमध्ये जुने कागद पडलेले असतात, ते वाचते." पुढे आणखी काही येईल म्हणून ते थोडा वेळ थांबले. आलं नाही, तेव्हा त्यांनी 'गृहिणी' लिहून टाकलं. तेही खोटं नाही. पण निम्मंच खरं आहे, आणि निम्म्या खऱ्या नोंदीचा मला फार त्रास होतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत मी सतरा वर्षं गुणवत्ता विभागात होते. लोकांनी भरलेल्या नोंदी तपासायच्या, हेच काम. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. मी नेरूळमध्येच राहिले, कारण नवऱ्याची नोकरी इथे आणि मुलींच्या शाळा इथे. त्यानंतर ओळखीतून एकेका छोट्या कारखान्यात जाऊ लागले. आजवर त्रेचाळीस झाले. आकडा पक्का आहे, मी वही ठेवते.

पंधरा ते साठ माणसांच्या कारखान्यात रोज किती कागद तयार होतो, याची मालकालाच कल्पना नसते. गेटवरची वही, माल तयार केल्याचं कार्ड, कोणी किती नग काढले त्याच्या चिठ्ठ्या, गिऱ्हाइकांची तक्रारीची पत्रं. ज्या दिवसासाठी तो कागद लिहिला तो दिवस संपला की कागद पोटमाळ्यावर जातो. कॉम्प्युटरचंही तेच. 'याद्या', 'याद्या फायनल', 'याद्या फायनल खरी' अशा नावांच्या फायली असतात आणि खरी कोणती ते 'खरी' नाव देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी हे सगळं खाली काढते, तारखेप्रमाणे लावते आणि एक कागद दुसऱ्याशेजारी ठेवते. दोघांचं जमलं नाही की माझं काम सुरू होतं.

सुरुवातीला मी स्वच्छ कागदांवर फार भाळत असे. शिरवण्याजवळ एकांचा गोठवलेल्या खाद्यपदार्थांचा कारखाना होता. त्यांची शीतगृहाच्या तापमानाची वही म्हणजे मोत्यांची माळ. दर दोन तासांनी नोंद, एकही खाडाखोड नाही. मी पंधरा दिवस खपून तिचे तक्ते केले. तक्ते मालकाला दाखवायला निघाले, तर तिथली झाडूवाली मावशी म्हणाली, "बाई, तो काटा गेल्या दिवाळीपासून बंद आहे." नोंद करणारा सकाळी आल्या आल्या दिवसभराचे आकडे भरून ठेवायचा. दाखवायला लिहिलेला कागद आणि वापरायला लिहिलेला कागद यांतला फरक मला त्या मावशीने शिकवला. तेव्हापासून मी तेलाचे डाग पडलेला, घडी घातलेला, मागे कुणी चहाचा हिशेब केलेला कागद आधी हातात घेते.

आता ज्या कामाचा मला सगळ्यात अभिमान वाटतो, ते सांगते.

जनाशेठ हे तळवलीचे. वडिलांची शेती औद्योगिक वसाहतीत गेली, मग यांनी पावण्याला रबरी वस्तूंचा कारखाना काढला. पाण्याच्या पंपात दोन भागांच्या मध्ये रबराची कडी बसवतात, पाणी बाहेर गळू नये म्हणून. तिला सील म्हणतात. ती सीलं जनाशेठ एका मोठ्या पंप कंपनीला पुरवत. कारखान्यातली चाळीस माणसं मुख्यतः त्या एका गिऱ्हाइकावर जगत होती.

मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि बसायच्या आतच एक फॉर्म पुढे केला.

"मॅडम, मी फिरवून नाय बोलत. आपली सीलं गलतात. पाच वेला माल परत आला. पंपवाल्यांनी हा फॉर्म धाडलाय. कारन लिवा, उपाय लिवा, तीन आठवड्यांत. मी लिवलंय. बाहेरच्या मान्साची सही पायजे, ती तुमी मारा."

मी वाचलं. कारण : मिक्सिंग कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय : सदर कामगारास कमी केले आहे.

"कमी केलंय?"

"करनार. एक तारखेपासून. इक्बाल त्याचं नाव. वीस वर्सं हाय माज्याकडं. मना काय आनंद हाय का? पन डोले गेलं त्याचं. वजनात चुकतो."

"हे कशावरून?"

"अवो, माल तोच बनवतो. कार्डावर सही त्याचीच. मंग दुसरा कोन चुकनार?"

मी सांगितलं की न बघता मी सही करत नाही. कागद कुठे आहेत? त्यांनी बोट वर केलं. पोटमाळ्यावर चौदा पोती होती. पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलायचे होते, म्हणून दुसऱ्या दिवशी रद्दीवाला येणार होता.

"पोती मला द्या," मी म्हटलं.

जनाशेठ हसले. "न्या की. टेम्पो पन देतो. घरातून तुमाला बाहेर काढतील त्याला मी जबाबदार नाय."

घरी नेली नाहीत. कारखान्यातल्याच जेवणाच्या खोलीत एका कोपऱ्यात लावली आणि रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागले.

रबराचं काम मला तोवर माहीत नव्हतं. ते असं चालतं. कच्चं रबर दोन जाड लोखंडी रोलांमधून पुन्हापुन्हा काढतात आणि त्यात गंधक, काजळी वगैरे मोजून घालतात. चपात्यांसारख्या पट्ट्या तयार होतात. हे इक्बालभाईंचं काम. मग प्रेसवरचे कामगार त्या पट्ट्यांचे तुकडे गरम साच्यात दाबतात आणि सील तयार होतं. इक्बालभाई रोज सकाळी चाळीस किलो माल करत, तो त्याच दिवशी प्रेसवर संपे. सीलावर माल केल्याची तारीख उठवलेली असे, सील कधी दाबलं ते नव्हे.

इक्बालभाई रायगडच्या किनाऱ्यावरचे. अठ्ठावन्न वर्षांचे, उंच, थोडे वाकलेले, बोलणं कमी. पहिले आठ दिवस मीही त्यांच्यावरच संशय घेतला, हे मला इथे लिहिलं पाहिजे. मी त्यांच्या कार्डांवरची वजनं आणि गोदामातून निघालेला माल ताडून पाहिला. दोन्ही पावपाव किलोपर्यंत जुळत होती. तरी माझं समाधान होईना. एके दिवशी मी सहज बोलल्यासारखं करून विचारलं, "इक्बालभाई, त्या समोरच्या गोणीवर काय लिहिलंय हो? चष्मा विसरले मी."

त्यांनी गोणीवरचं बारीक अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. मग माझ्या गळ्यात लोंबणाऱ्या चष्म्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, डोले तपासायचेत तर सरळ बोला ना. मी डाक्टरकडं येतो तुमच्याबरोबर."

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या प्रसंगाबद्दल मी त्यांची माफी मागितली ती फार नंतर. तेव्हाच मागायला हवी होती.

नवव्या दिवशी मी परत आलेल्या सीलांवरच्या तारखा एका कागदावर लिहिल्या. पाच तारखा, पाच महिन्यांतल्या, सगळ्या महिनाअखेरीच्या. जनाशेठ म्हणाले, "बघा, महिनाअखेरीला घाई असते, तवाच चुकतो तो." पटण्यासारखं होतं. पण मी मधले दिवस मोजले. तीस, एकोणतीस, एकोणतीस, तीस. घाईचा माल असता तर कधी सव्वीस दिवस आले असते, कधी चौतीस. हे फार नेमकं होतं, आणि तारीख तर हळूहळू मागे सरकत होती.

त्या संध्याकाळी घरी कणीक मळता मळता मी यजमानांना म्हटलं, "पुढची संकष्टी कधी आहे बघा हो." मी संकष्ट्या करते. त्यांनी कॅलेंडर उलटलं आणि तारीख सांगितली. "मागच्या वेळेपेक्षा एक दिवस आधी," ते म्हणाले. मी "हो, ती सरकतेच," म्हटलं आणि तशीच पिठाच्या हाताने कॅलेंडरपाशी गेले. मागची पानं उलटली. पाचही तारखांच्या पुढच्या चौकोनात काळा गोल होता. अमावास्या.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"पाचही वेळा खराब माल अमावास्येच्या आदल्या दिवशी केलेला आहे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे तू त्या माणसाला लिहून देणार आहेस? सही करून?"

सकाळी मी थेट पोत्यांना हात घातला. आता काय शोधायचं ते माहीत होतं. प्रेसवरचा प्रत्येक कामगार संध्याकाळी एक चिठ्ठी लिहितो : नाव, त्या दिवसाची तारीख, कोणत्या तारखेचा माल, किती नग. बेरीज झाली की चिठ्ठी पोत्यात. कुणी बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहिलेली, कुणी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर. कुणालाही दाखवण्यासाठी न लिहिलेल्या. रोज ज्या तारखेचा माल, त्याच तारखेची चिठ्ठी. फक्त अमावास्येच्या चिठ्ठ्यांवर माल आदल्या दिवसाचा होता. आणि इक्बालभाईंच्या कार्डावर त्या आदल्या दिवशी चाळीसऐवजी ऐंशी किलो.

मी कार्ड घेऊन त्यांच्याकडे गेले. "इक्बालभाई, अमावास्येच्या आदल्या दिवशी दुप्पट माल का करता?"

ते रोल पुसत होते. थांबले नाहीत. "अवसेला रोल बंद असतो. नारल फुटतो. प्रेस चालू असतात, त्यांना माल पायजे ना."

"रोल का बंद?"

"कारखाना नवीन होता तवा गणपत म्हनून एक कामगार होता. अवसेलाच त्याचा हात रोलमदी गेला. दोन बोटं गेली. शेठनी सोताच्या हातानं ती बोटं उचलली, रुमालात बांधून दवाखान्यात नेली. तवापासून अवसेला रोल फिरत नाय."

"पण एवढी वर्षं सीलं गळली नाहीत."

आता ते थांबले. "जुना माल आठवडाभर ठेवला तरी काय होत नसे. डिसेंबरपासून पंपवाल्यांनी माल बदलायला लावला. नवीन माल दह्यासारखा, लगेच धरतो. प्रेसच्या गरमीत दिवसभर पडला की आतल्या आत कडक पडतो. मग साच्यात नीट पसरत नाय. वरून दिसायला चांगला, पन बारीक घडी राहते."

म्हणजे एकाच तारखेचा निम्मा माल चांगला आणि निम्मा वाईट. तपासणीसाठी नमुना काढत तो पहिल्याच दिवशी, म्हणून तो दर वेळी पास होई आणि ठपका वजनावर येई. सगळा कारखाना पाच महिने एका कार्डाकडे बघत होता आणि उत्तर दुसऱ्या कागदावर होतं.

"हे शेठना का नाही सांगितलंत?"

"सांगायचं ते सांगितलं," एवढंच ते म्हणाले.

मुदतीला पाच दिवस राहिले होते. मी जनाशेठना अमावास्येबद्दल अवाक्षर बोलले नाही. फक्त दोन दिवसांची चाचणी मागितली. त्या दिवशी केलेल्या मालाची वीस सीलं लगेच दाबली. उरलेली एक पट्टी प्रेसजवळ नेहमीच्या जागी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिची वीस दाबली. मग एकेक सील तपासणीच्या पंपात बसवून, हवेचा दाब देऊन, पाण्याच्या टाकीत बुडवलं. सील गळत असेल तर बुडबुडे येतात. जनाशेठ बाही वर करून स्वतः टाकीपाशी उभे राहिले. प्रेसवरची माणसंही जमली.

पहिल्या वीसांत एकही बुडबुडा नाही. दुसऱ्या वीसांत सात सीलं गळली. सातव्याला जनाशेठ माझ्याकडे वळले.

"दुसऱ्या दिसाचा माल आपन वापरतो कवा?"

मी कॅलेंडरची पाच पानं आणि अमावास्येच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. त्यांनी एकेक चिठ्ठी उचलून वाचली. वाचताना ओठ हलत होते. मग मान वळवून रोलाकडे पाहिलं. त्याच्या खांबावर कुंकवाची बोटं होती.

"अवसेला," ते म्हणाले. मग मोठ्याने, "इक्बाल! तुला ठावं व्हतं?"

"अंदाज होता, शेठ."

"मंग बोलला का नाय? मी तुला घरी बसवायला निंगालो व्हतो!"

इक्बालभाई हात पुसत पुढे आले. "डिसेंबरात बोललो होतो. नवीन माल ठेवून चालनार नाय, अवसेला थोडा वेळ रोल फिरवू. तुमी काय बोललात, आठवतं? 'तुजा सन नाय म्हनून तुला काय नाय वाटत.' मग मी पुन्ना कसा बोलू? पुन्ना बोललो असतो तर सगले बोलले असते, याला आमची अवस खुपते."

जनाशेठ खाली बसले आणि ओल्या हातांनीच त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"बोललो असंन," ते म्हणाले. "मी बोललो असंन तसा."

"बोललात."

"चुकला माजा."

वीस वर्षांच्या ओळखीत शेठच्या तोंडून हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकला, असं प्रेसवरच्या एकाने मला नंतर सांगितलं. इक्बालभाईंनी तो क्षण फार लांबू दिला नाही. म्हणाले, "पन एक सांगा शेठ, दिवालीत लक्ष्मीपूजनाचे पेढे पन अवसेलाच वाटता तुमी. तवा नाय भ्यायला होत?" सगळे हसले. जनाशेठही हसले, पण डोळे पुसत.

मला वाटलं, आता अमावास्येला रोल सुरू होणार. जनाशेठनी मान हलवली. "गणपतची बोटं मी उचललीत, मॅडम. रोल बंदच राहनार. पन मंग प्रेस पन बंद. त्या दिसाला सगली मशिनं साफ करायची, तेल घालायचं, रोलची ब्रेकची दोरी तपासायची. नारल फोडून घरी जायचं."

मी वहीत आकडे मांडून पाहिले. महिन्यातून एका दिवसाचं काम बुडणार होतं. परत येणारा माल त्या एका दिवसाच्या कामाइतकाच होता, वर परत आलेल्या पेट्यांतून चांगले नग निवडून काढण्यात जाणारे तीन दिवस वेगळे. जनाशेठनी हा सगळा हिशेब न मांडताच बरोबर केला होता. ही गोष्ट मला आवडली आणि थोडी झोंबलीही.

फॉर्म नव्याने लिहिला. कारण : तयार मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरणे. उपाय : मिश्रण त्याच दिवशी संपवणे. त्याखाली 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. मी पेन थांबवलं. जनाशेठनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं, 'मालक'. मग मी सही केली. अशा फॉर्मवर हा शब्द मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिलेला नाही.

माझी सुधारणा एकच होती. इक्बालभाईंच्या कार्डावर मी खाली चार ओळी मोकळ्या ठेवायला लावल्या आणि शेजारी 'माल बनवणाऱ्याचा शेरा' असं छापून घेतलं. त्या शेऱ्याखाली मालकाने सही केल्याशिवाय माल प्रेसवर न्यायचा नाही. जनाशेठ कुरकुरले, "आता रोज वाचत बसू काय?" मी म्हटलं, "हो."

पुढच्या अमावास्या गेल्या, एकही पेटी परत आली नाही. पंप कंपनीने ऑर्डर कायम ठेवली. आणि ज्या एक तारखेपासून त्यांना कमी करायचं होतं, त्या दिवशी इक्बालभाई नेहमीच्या वेळेला कामावर आले होते.

गेल्या श्रावणात मी काही कामासाठी तिकडे गेले होते. आदल्या दुपारी वीज गेल्यामुळे प्रेस थांबले होते आणि निम्मा माल तसाच राहिला होता. गेटवर पंप कंपनीचा ट्रक उभा होता, ड्रायव्हर दोनदा आत येऊन गेला होता आणि जनाशेठचा फोन थांबत नव्हता. ते तणतणत रोलपाशी आले. इक्बालभाईंनी कार्ड पुढे केलं. चार ओळींच्या जागेत त्यांच्या तिरक्या अक्षरात एकच ओळ होती : 'माल कालचा आहे. वापरू नये.'

जनाशेठनी कार्ड वाचलं. ट्रककडे पाहिलं. शिव्या कोणाला द्यायच्या ते न ठरल्यामुळे त्यांनी विजेला दिल्या. मग खिशातून पेन काढलं, कार्ड इक्बालभाईंच्याच पाठीवर ठेवून त्या ओळीखाली सही केली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "आज अर्धाच माल जाईल. बाकीचा उद्या, ताजा."